नाक न दाबता ऐकायचं गाणं

शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदाही कोळीनृत्य झालं नाही, अशी शाळा महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. पुठ्ठ्याची वल्ही, मुलांच्या डोक्यावर लाल टोप्या, मुलींची कासोटा घालून नेसलेली लुगडी आणि केसांत कागदाच्या अबोलीचे गजरे! ढोलकीचा ठेका सुरू झाला की पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांची मानसुद्धा डोलायला लागते. मग ते शहर सोलापूर असो नाहीतर नागपूर. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब असला तरी कोणाचं काही अडत नाही.

पण मित्रांनो, या चित्राची दुसरी बाजूही तुमच्या ओळखीची आहे. मुंबईत लोकलच्या डब्याजवळून एखादी कोळीण मासळीची पाटी घेऊन गेली, की गॅदरिंगमध्ये टाळ्या वाजवणारेच हात पटकन नाकाकडे जातात. गाणं हवं, ठेका हवा, लुगडं-गजरा हवा. वास मात्र नको!

असं अर्धं-अर्धं करता येतं का? गाणं इकडे आणि वास तिकडे? याचं उत्तर घरात बसून मिळणार नाही. त्यासाठी एका गावाला जायला हवं. हे गाव मुंबईतच आहे, आणि अंधेरी स्टेशनवर उतरलं तर फार लांबही नाही. त्याचं नाव वेसावे. बसवर आणि मेट्रोच्या पाटीवर तुम्हाला 'वर्सोवा' असं वाचायला मिळेल, पण गावकरी वेसावेच म्हणतात.

नाक सगळ्यांत आधी पोचतं!

अंधेरीहून पश्चिमेला निघालं की आधी उंच इमारती लागतात, मग दुकानं, मग आणखी उंच इमारती. समुद्र कुठेच दिसत नाही. आणि मग रस्ता अरुंद होतो, रिक्षावाला "यापुढे चालत जा" म्हणतो, आणि डोळ्यांना काही दिसायच्या आत नाकाला बातमी लागते : आलं वेसावे!

थंडीच्या दिवसांत मी तिथे गेलो तेव्हा माझा भाचा आणि भाची बरोबर होते. भाच्यानं अर्थातच नाक दाबलं. वाटेत एक मावशी सुकत घातलेला जवळा हातानं पसरत बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "नाक दाबून किती वेल रेशील रं पोरा? श्वास त घ्यावाच लागंल ना!"

मावशींचं म्हणणं शंभर टक्के शास्त्रीय होतं. कारण पाच-दहा मिनिटांनी भाच्याला वासाचा त्रास होईनासा झाला. हवा बदलली नव्हती, त्याचं नाक बदललं होतं. एकच वास सतत येत राहिला की आपलं नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं कमी करत जातात. नवा वास आला तरच पुन्हा घंटा वाजते. म्हणून तर आपल्या स्वतःच्या घराला काही वास आहे हे आपल्याला कधी कळत नाही. ते पाहुण्यांना विचारायचं! तुमच्या घराला फोडणीचा असेल, उदबत्तीचा असेल, पुस्तकांचा असेल, ओल्या भिंतीचा असेल. पण वास असतोच. वेसाव्याच्या घरांना तो समुद्राचा आहे, इतकंच.

आता हा वास येतो कुठून ते बघू. किनाऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून, त्यांना आडवे दोर बांधून उंच सांगाडे उभे केलेले दिसतात. त्यांना वलांडी म्हणतात. या दोरांवर बोंबील वाळत असतात, पण ते अडकवण्याची तऱ्हा मोठी गमतीची. दोरा नाही, चिमटा नाही. दोन बोंबील घ्यायचे आणि एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा. झाली जोडी! एक दोराच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, त्यामुळे जोडी सुटत नाही. लांबून पाहिलं तर वाटावं, रुपेरी तोरणंच लावली आहेत कुणीतरी. ताज्या बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ऊन आणि खारा वारा ते पाणी काढून घेतात, आणि मऊ लिबलिबीत बोंबील वाळक्या काडीसारखा कडक होतो. मग तो पावसाळाभर टिकतो. जूनमध्ये समुद्र खवळतो, माशांच्या विणीचा हंगाम असतो आणि यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत हेच सुके बोंबील आणि सुकट कामाला येतात. म्हणजे तुम्ही ज्या वासाला नाक मुरडता, तो खरं म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा वास आहे. आपल्या आजीच्या लोणच्या-पापडांच्या डब्यांना असतो तसाच!

ताज्या मासळीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. समुद्रातून नुकत्याच काढलेल्या माशाला 'माशाचा' असा वास जवळजवळ नसतोच. समुद्रातल्या माशांच्या शरीरात एक खास रसायन असतं. खाऱ्या पाण्यात राहूनही अंगातलं पाणी टिकवायला ते माशाला मदत करतं. त्याचं नाव लांबलचक आहे : ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड. त्याला स्वतःला वास नाही. पण मासा मेल्यावर जिवाणू कामाला लागतात, त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ते ट्रायमिथिल अमाइन. तोच आपला ओळखीचा वास! कोळणी माशाला चिंच किंवा कोकम लावतात ते काही नुसत्या चवीसाठी नव्हे. आंबट पदार्थातल्या आम्लामुळे या अमाइनचा क्षार बनतो, आणि तो उडून नाकापर्यंत येऊ शकत नाही. प्रयोगशाळेत न जाता शिकलेलं हे रसायनशास्त्र आहे.

आणि नुसत्या समुद्राला वास असतो का? असतो. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती मरतात किंवा कुणाच्या तरी पोटात जातात, तेव्हा डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. 'समुद्राची हवा' म्हणून आपण जी छाती भरून घेतो, तिच्यात हा असतो. पेट्रेलसारखे काही समुद्रपक्षी तर याच वासाचा माग काढत खाणं शोधतात. पाण्यावर ना पाटी, ना रस्ता; पण नाकानं नकाशा वाचायचा!

दर्याचं घड्याळ

गल्ल्या ओलांडून आपण खाडीच्या तोंडाशी येतो. समोर मढ बेट दिसतं. तिकडे जायला फेरीबोट आहे. काही मिनिटांत पलीकडे. बोटीत बसलात तर एक गोष्ट करून पाहा : डोळे मिटा. अंगाखालची फळी वर जाते, किंचित पुढे सरकते, खाली येते, किंचित मागे येते. तुम्ही एक अदृश्य चाक फिरत असल्यासारखे हलत असता.

लाट म्हटली की आपल्याला वाटतं, पाणी पुढे धावत येतंय. खरं तर किनाऱ्यापासून लांब असताना पुढे येते ती ऊर्जा. पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं. समुद्रात तरंगणारा नारळ बघितलात तर लगेच पटेल. लाट त्याच्याखालून निघून जाते आणि तो थोडा नाचून तिथेच राहतो. खोल जावं तशी ही गोल गिरकी लहान लहान होत जाते. दोन लाटांमध्ये जितकं अंतर, त्याच्या निम्म्या खोलीवर ती जवळजवळ संपतेच. किनारा आला की मात्र तळ लाटेच्या पायात येतो. खालचं पाणी अडखळतं, वरचं पुढे जातं, आणि लाट कोसळते. आपण ठेच लागून पडतो अगदी तशी!

पण वेसाव्याच्या कोळ्याचं पोट या लाटांवर चालत नाही. ते चालतं भरती-ओहोटीवर. भरती हीसुद्धा एक लाटच आहे, पण इतकी लांब की तिचा माथा आणि पायथा एका वेळी कुणाला दिसत नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीनं ती उठते, आणि वरपासून तळापर्यंतचं सगळं पाणी हलवते. मुंबईला दिवसातून साधारण दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. मोठ्या उधाणाला मुंबईच्या समुद्राची पातळी चार-साडेचार मीटरनं वर-खाली होते. म्हणजे जवळजवळ दीड मजला! अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती. मग हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो.

आता गॅदरिंगमधलं एक कोडं सोडवू. 'डोलकर' म्हणजे कोण? वर्गात विचारलंत तर दहातले नऊजण सांगतील, "लाटांवर डोलतो तो डोलकर." ऐकायला छान आहे, पण बरोबर नाही. डोल हे एका जाळ्याचं नाव आहे, आणि त्या जाळ्यानं मासेमारी करतो तो डोलकर. डोल दिसते एखाद्या प्रचंड पिशवीसारखी. तोंड रुंद, शेपूट निमुळतं. तोंडाकडची भोकं मोठी, शेपटाकडची बारीक. समुद्राच्या तळाशी पक्के खांब किंवा नांगर असतात, त्यांना ही पिशवी बांधतात आणि तिचं तोंड प्रवाहाकडे करतात. बस्स. जाळं ओढत कुठे न्यायचं नाही, माशांचा पाठलाग करायचा नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासे घेऊन येतो आणि पिशवीत भरतो. बोंबील, जवळा, कोलंबी असं सगळं म्हावरं या डोलीत येतं. प्रवाह थांबून उलटा फिरायच्या सुमारास जाळं वर घ्यावं लागतं. ती वेळ चुकली तर मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः! उधाणाला प्रवाह जोरात असतो, म्हणून म्हावरं जास्त. भांगाला पाणी आळसावतं, म्हणून कमी.

म्हणजे डोलकराच्या मनगटावर घड्याळ असो वा नसो, त्याचं खरं घड्याळ आकाशात असतं. ते तुम्हालाही वाचता येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आजची तिथी बघा. तिला तीननं गुणा, चारनं भागा. आलेला आकडा म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. सकाळीही आणि संध्याकाळीही. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडेल, पण अख्ख्या समुद्राचा हिशेब पाढ्यावर बसतोय, हे काय कमी आहे? (पोहायला जाताना मात्र या पाढ्यावर विसंबू नका हं! तिथे मोठ्यांना आणि छापील वेळापत्रकाला विचारायचं.)

गळ पाण्यातला आणि गाण्यातला

आता येऊ गाण्याकडे. इंग्रजी पॉप गाण्यांच्या धंद्यात एक मजेशीर शब्द आहे. गाण्याचा जो तुकडा एकदा कानात शिरला की दिवसभर निघत नाही, त्याला तिथले लोक 'हुक' म्हणतात. हुक म्हणजे गळ! मासा गळाला लागतो तसा ऐकणारा त्या तुकड्याला लागतो. आपण मराठीत ध्रुपद म्हणतो. पण कोळीगीतांच्या बाबतीत 'गळ' हा शब्द किती चपखल बसतो पाहा!

लोकप्रिय गाणं म्हणजे सोपं काम, असं पुष्कळांना वाटतं. चार यमकं जुळवली, ढोलकी लावली, झालं. तसं असतं तर सगळीच गाणी पन्नास वर्षं टिकली असती. एक नमुना घेऊ : 'मी डोलकर'. तुम्ही नाचलेलं कोळीनृत्य बहुधा यावरच असेल. हे गाणं कोणी लिहिलं माहीत आहे? शांता शेळके यांनी. त्यांचा जन्म १९२२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा. तिथे समुद्र सोडाच, पाऊससुद्धा जेमतेम. त्या मराठीच्या प्राध्यापक, संस्कृत काव्याच्या जाणकार. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गायला लता मंगेशकर आणि त्यांच्याबरोबर हेमंतकुमार, म्हणजे बंगाली गायक! एवढी सगळी मंडळी कोळीवाड्याबाहेरची, आणि तरी गाणं दर्याचं झालं. कसं?

पहिली गोष्ट शब्दांची. शांताबाईंनी 'मच्छीमार' लिहिलं नाही, 'डोलकर' लिहिलं. इतका नेमका शब्द, की त्यात जाळंही आलं आणि भरतीचा प्रवाहही. शिवाय त्या शब्दाच्या नादात डोलणं आहे, त्यामुळे ज्याला जाळं माहीत नाही त्याचंही अंग हलतं. म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ : एक कानाला कळणारा, दुसरा किनाऱ्यावर गेल्यावर कळणारा! दुसऱ्या कोळीगीतांमध्ये 'नाखवा' भेटतो, 'सारंग' भेटतो. हे शब्दही खलाशीच आहेत. नाखवा आला फारसी 'नाखुदा'वरून, म्हणजे जहाजाचा धनी. 'सारंग', 'दर्या' आणि 'बंदर' यांचंही मूळ फारसी. शेकडो वर्षं अरबी समुद्रात गलबतं ये-जा करत राहिली, त्यांच्याबरोबर खजूर आले, घोडे आले, आणि हे शब्दही आले. कोळीगीत म्हणताना आपल्या तोंडात इराणच्या बंदरांचा वारा असतो, हे कधी लक्षात आलं होतं?

दुसरी गोष्ट ठेक्याची. कोळीगीतांचा ठेका बहुतेकदा सहा मात्रांचा झुलता असतो. मनात मोजा : एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. एकवर डावीकडे झुका, चारवर उजवीकडे. काही वेळानं तुम्ही फेरीबोटीत बसल्यासारखे हलाल. तीन मात्रा लाट चढायच्या, तीन उतरायच्या. गंमत म्हणजे हे फक्त आपल्याकडे नाही. इटलीतल्या व्हेनिस शहरात रस्त्यांऐवजी कालवे आहेत. तिथले नावाडी जी गाणी म्हणत, त्यावरून 'बार्कारोल' नावाचा संगीतप्रकार तयार झाला. त्याची लयही बहुधा सहाचीच! वेसाव्याचा कोळी आणि व्हेनिसचा नावाडी कधी भेटले नाहीत. पण दोघांनी वल्हं मारलं आहे, आणि वल्हं मारायची चाल दोन्हीकडे सारखीच : जोर लाव, सोड, जोर लाव, सोड.

तिसरी गोष्ट, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. जाळं किंवा बोट ओढताना दहा माणसांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा. एकाचा आधी, दुसऱ्याचा नंतर, असं झालं तर दोर हलत नाही. म्हणून एकजण हाक घालतो आणि सगळे एकदम जाब देतात. त्या जाबावर दोर सरकतो. आज रेकॉर्डिंगमध्ये ज्याला 'कोरस' म्हणतात, तो मुळात शोभेसाठी आलेला नाही. तो ओझं ओढायचं यंत्र होता.

अर्थात कोळीवाडा काही बाहेरच्या कवींची वाट बघत बसला नव्हता. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण नावाची जाणती बाई पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेले धवले गाते. हळदीच्या रात्री बायका जागच्या जागी गाणी जुळवतात. आणि कॅसेटचा जमाना आला तेव्हा याच गावातली 'वेसावकर आणि मंडळी' पुढे आली. त्यांच्या 'वेसावची पारू'नं गावाचं नाव महाराष्ट्रभर लग्नाच्या मांडवांत नेलं. शांताबाईंच्या गाण्यात बाहेरून प्रेमानं पाहिलेला दर्या आहे. वेसावकरांच्या गाण्यात घरातून पाहिलेला आहे. तिथे गल्लीतली चेष्टा आहे, बाजारातली घासाघीस आहे, मांडवातला दंगा आहे. चांगलं गाणं दोन्हीकडून लिहिता येतं. अट एकच, लिहिणाऱ्यानं कान देऊन ऐकलेलं असलं पाहिजे.

गाण्यात मावत नाही ते

म्हणजे बघा, समुद्राची हालचाल गाण्यात आणता येते. ठेका ते काम करतो. दर्याची गाज सुरात आणता येते. पण वास? तो कुठल्याच कॅसेटवर टेप होत नाही, कुठल्याच मोबाइलवर येत नाही. कवी फार तर 'म्हावरं' म्हणेल, 'खारा वारा' म्हणेल. त्या शब्दाला वास आणायचा तो ऐकणाऱ्यानं, स्वतःच्या नाकातून!

आणि नाकाकडे ते सामर्थ्य आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी फक्त तीन प्रकारच्या असतात. नाकात वास ओळखणारे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे आहेत. ही ग्राहकांची यंत्रणा शोधून काढल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. शिवाय, बघितलेलं किंवा ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबून पुढे जातं. वास मात्र तो नाका टाळतो. भावना आणि आठवणी जपणाऱ्या भागांशी त्याचा जवळचा संबंध. म्हणूनच पहिल्या पावसाचा वास आला की आजोळचं अंगण आधी दिसतं, आणि 'हे काय आठवलं?' हा प्रश्न नंतर पडतो. वेसाव्यातला एखादा मुलगा बोटीवर नोकरीला जाऊन दूरदेशी पोचला, आणि तिथे त्यानं हे गाणं लावलं, तर त्याला नुसता सूर ऐकू येत नसणार. त्याला वलांडीखालची सावली, ओलं जाळं, बोटीच्या डिझेलचा भपकारा आणि आईच्या गजऱ्यातली फुलं असं सगळं एकदम येत असणार. आपल्याला त्याच गाण्यातलं फार तर निम्मं ऐकू येतं.

आता एक काळजीची गोष्ट. वलांडीला भिंती नसतात, छप्पर नसतं. पावसाळ्यात तर तिथे काहीच नसतं. त्यामुळे ज्याला माहीत नाही त्याला ती 'रिकामी जागा' वाटते. आणि मुंबईत रिकाम्या जागेचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे! सभोवती उंच इमारती वाढतात, तिथले नवे रहिवासी खिडकी उघडतात आणि म्हणतात, "इथे वास फार येतो बुवा!" वास आधीचा आहे, खिडकी नंतरची, हे कोणी लक्षात घेत नाही. वाळवणाची जागा गेली की सुकी मासळी गेली, मासळी गेली की कोळणीच्या हातातला पैसा गेला. मग डोलकर उरेल तो फक्त गॅदरिंगमध्ये, पुठ्ठ्याच्या वल्ह्यासकट.

दुसरी काळजी पाण्यातली. भरती मासे आणते तसं आपण खाडीत टाकलेलं प्लॅस्टिकही परत आणते, आणि डोल ते इमानानं गाळून घेते. जाळ्याला काय कळणार, बोंबील कोणता आणि पिशवी कोणती! २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी वेसाव्याच्या किनाऱ्यावर साफसफाई सुरू केली, आणि हळूहळू शेकडो हात त्यांच्याबरोबर कचरा उचलू लागले. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे चालत गेली. वीसेक वर्षांत तिथे असं काही दिसलं नव्हतं! किनारा कायमचा स्वच्छ झाला असं नाही. समुद्र रोज नवी उजळणी घेतो. पण समुद्राला संधी दिली तर तो ती घेतो, हे त्या पिल्लांनी दाखवून दिलं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या गॅदरिंगला कोळीनृत्य बसवाल तेव्हा तीन गोष्टी करा. एक, आजची तिथी बघा आणि या घटकेला दर्या चढतोय की उतरतोय ते सांगा. दोन, नाचताना सहा मोजा. एकवर लाट चढू द्या, चारवर उतरू द्या. तीन, जमलं तर त्याआधी एकदा एखाद्या कोळीवाड्यात जाऊन या. वेसावे, वरळी, माहीम, वसई, अलिबाग, जो जवळ असेल तो. परत येताना आईसाठी थोडे सुके बोंबील घ्या. खात नसाल तर नुसतं बोलून या. बोलायला पैसे पडत नाहीत.

आणि गल्लीच्या तोंडाशी नाकाकडे हात जायला लागला, तर त्या मावशींचं वाक्य आठवा. श्वास तर घ्यावाच लागतो. मग मोठा घ्या! भाच्यानं घेतला होता. परतीच्या वाटेवर मावशींनी त्याच्या हातावर चिमूटभर जवळा ठेवला, तो त्यानं आधी हुंगला, मग चाखला, आणि घरी येईपर्यंत त्याचे पाय आपोआप सहाच्या ठेक्यात पडत होते.